पोलिसांना कायदा नीट माहीत आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या घरफोडीची बातमी आली. 'पारधी टोळीवर संशय' असा तिचा मथळा होता. त्या संशयावरून ज्याला उचललं तो माझा विद्यार्थी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत मी त्याला शिकवलं. त्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. छापून आलं तर पुढच्या चोरीला सगळ्यांत आधी तेच नाव निघेल.

घरची माणसं काकड आरतीला गेली असताना, रविवारी पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान चोरी झाली. हा त्या वेळी दूध संकलन केंद्रावर कॅन उतरवत होता. केंद्राच्या रजिस्टरमध्ये त्याची सही आहे आणि दूध घालायला आलेल्या निम्म्या गावाने त्याला पाहिलं आहे. त्याच रात्री, सोमवार उजाडायच्या आधी दोन वाजता, वस्तीवर जीप आली. बुधवारी दुपारी चारला त्याला सोडलं. म्हणजे ६२ तास. अटक केली तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेच्या २२व्या कलमात आहे. मी ठाण्यात जाऊन तसं म्हटलं, तर उत्तर मिळालं, "अटक कुठे केलीय बाई? चौकशीला आणलंय." स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद आहे का, विचारलं. "तुम्ही कशाला पडता यात? यांची जातच तशी."

मला खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. त्याची आई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, ती बाहेर पायरीखाली मातीत बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. सकाळपासून आत देऊ दिल्या नव्हत्या. खुर्चीतून मला ती दारातून दिसत होती. तो चहा मी प्यायले. आज महिना होत आला, ते माझ्या मनातून जात नाही.

सुटून आला तेव्हा तो पावलं कडेवर टाकत चालत होता, तळवे टेकवत नव्हता. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही बाई." तक्रार द्यायला तो तयार नाही. त्याला त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचं आहे, पोरं तिथेच शाळेत घालायची आहेत. मी त्याला आग्रह करू शकले नाही.

आता दुसरी गोष्ट, माझ्याच गल्लीतली. दिवाळीआधी शेजारच्या व्यापाऱ्याच्या मुलाने भरधाव गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. म्हाताऱ्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. संध्याकाळी हवालदार घरी आले. उंबऱ्याबाहेर बूट काढले, सोफ्यावर बसले, लेखी नोटीस दिली, पोच घेतली आणि म्हणाले, "उद्या सवडीने वकिलांना घेऊन या." त्या मुलालाही रात्री दोनला उचलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. मुळीच नाही. कायद्याने सांगितलेली रीत तीच आहे. नोटीस, वकील, घरच्यांना कल्पना, सगळं पोलिसांना पाठ आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही, असं मी कसं मानू?

आमच्या सोलापूर जिल्ह्याला हे नवं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना ठेवायची वसाहत, होतं, आतल्यांना हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून तो शिक्का पुसला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला, त्यातही पोलिसांना बजावलं आहे की विमुक्त जमातींच्या, म्हणजे हा शिक्का पुसलेल्या पारध्यांसारख्या जमातींच्या, लोकांना मनमानीने अटक होता कामा नये. हा निकाल छापून मी ठाण्यात नेला होता. वाचायला कोणी हातात घेतला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२० च्या आदेशाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवायला हवं. त्या ६२ तासांचं चित्रण पुसू नका, एवढाच माझा अर्ज होता. "कॅमेरा बंद आहे," म्हणाले आणि अर्जाची पोचही दिली नाही. मग तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवला. अजून उत्तर नाही. कॅमेरा खरंच बंद असेल तर कधीपासून आणि दुरुस्तीला कोणी कधी कळवलं, एवढं तरी लेखी सांगावं. स्टेशन डायरीची त्या तीन दिवसांची पानं वरिष्ठांनी स्वतः बघावीत.

आणि एक मागणं आपल्याकडे आहे. खरे चोर पंधरा दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात पकडले गेले. ती बातमी आपण आतल्या पानावर चार ओळींत दिलीत. चोरांची जात त्यात नव्हती. नसावीच. मग पहिल्या मथळ्यात का होती? व्यापाऱ्याच्या मुलाच्या अपघाताच्या बातमीतही नव्हती. पोलीस जे तोंडी सांगतात ते मथळ्यात जाताना वार्ताहराने एकदा वस्तीवर जाऊन विचारावं. दूध केंद्र रस्त्यालाच आहे, रजिस्टर कोणीही दाखवलं असतं.

सुटल्यापासून तो रोज पहाटे सही केली की त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो आणि मला पाठवतो. "तुमच्याकडे राहू द्या बाई," म्हणाला. काल २३वा फोटो आला, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)