तूर वांझ नाही

परभणी,
१० डिसेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तू कंडक्टरजवळ दिलेली पिशवी काल संध्याकाळी मिळाली. ओल्या फडक्यात गुंडाळल्यामुळं डहाळी ताजी होती.

आज सकाळी पान उलटं करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. शिरांच्या कडेला, लवेच्या बुडाशी, पांढुरके जीव हळूहळू सरकत होते. गाजरासारखे निमुळते, पुढं फक्त चार पाय. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. रानात उभं राहून नुसत्या डोळ्यांना हे दिसणंच शक्य नाही. हा कोळी आहे, जाळं विणणारा नव्हे; इंग्रजीत याला माइट म्हणतात. तुझ्या तुरीला वांझ रोगाचा विषाणू यानंच दिला.

फोनवर तू म्हणालास, भावकीत बोलणं चाललंय की यंदा पेरणीची मूठ काकूनं धरली म्हणून तूर वांझ गेली. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. शाळेतून आल्यावर आपल्या दोघांना भाकरी कुणी वाढली, हे मी विसरलो नाही. म्हणून सगळं नीट लिहितो. हे पत्र बैठकीत मोठ्यानं वाच.

हा रोग बियाण्यातून येत नाही. मूठ कुणीही धरली असती तरी बी निरोगीच होतं. तूर उगवून आल्यावर कोळी वाऱ्यावर उडत येतो. रोगट पानावर पंधरा मिनिटं रस शोषला की विषाणू त्याच्याकडं येतो, आणि चांगल्या झाडावर कोळी तासदीड तास बसला की विषाणू त्या झाडात जातो. झाड दीड महिन्याच्या आतलं असेल तर त्याला फूलच येत नाही. उशिरा लागण झाली तर काही फांद्या तेवढ्या रिकाम्या राहतात. तुझ्या वावरात दोन्ही तऱ्हेची झाडं आहेत ना? त्याचं कारण हे.

आणि दत्ता, झाड वांझ नसतंच. शेजारचं झाड शेंगा धरून वाळायला लागतं, तेव्हा रोगट झाड झुडपासारखं हिरवं उभं असतं. फुलोऱ्याऐवजी बारीक, फिकट पानांचे झुबकेच येत राहतात. कोळ्याला हाच पाला लागतो. रोगट पानावर त्याची वीणही जास्त होते. कोळी विषाणूला झाडापर्यंत पोचवतो आणि विषाणू कोळ्यासाठी पाला राखतो. या दोघांच्या सौद्यात झाडाचं फूल गेलं, त्याला आपण वांझ म्हणतो. मला तो शब्दच सलतो.

या रोगाची नोंद १९३१ साली बिहारात पुसा इथं झाली. कोळ्याचा हात ठरायला साठचं दशक उजाडलं, आणि खुद्द विषाणू सापडला तो २००० च्या सुमाराला, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत. शास्त्रज्ञांना सत्तर वर्षं लागली. भावकीला मात्र एका दिवसात कळलं!

तुझं सोयाबीन ऑगस्टात पिवळं पडलं ते वेगळं. तो पिवळा मोझॅक, हाही विषाणूचाच रोग, पण पांढऱ्या माशीनं आणलेला. माशीच्या पोटातून विषाणू तिच्या लाळेत उतरतो आणि कित्येक दिवस टिकतो. तुरीचा विषाणू कोळ्याजवळ काही तासच राहतो. दुकानदारानं दिलेलं शेंगअळीचं औषध कोळ्याला लागू पडत नाही. आता फूल आणायला कुठलीही फवारणी करू नकोस, पैसे जातील.

आला कुठून, तेही सांगतो. विहिरीच्या धुऱ्यावर गेल्या वर्षीच्या तुरीची चार झाडं मे महिन्यातही हिरवी होती. मोटारीची पेटी दुरुस्त करताना आपण त्यांच्याशेजारीच बसलो होतो. त्यांना एकही शेंग नव्हती. कोळ्यानं उन्हाळा तिथंच काढला असणार. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं, याचं फार वाईट वाटतं.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो. ती चार झाडं मुळासकट उपटू, वावरातली हिरवी झुडपंही काढू. पुढच्या वर्षी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीएसएमआर ७३६ हे तुरीचं वाण पेरू. वांझ रोगाला टिकतं म्हणूनच ते नाव: एसएम म्हणजे स्टरिलिटी मोझॅक, हाच रोग, आणि आर म्हणजे रेझिस्टंट. पिशवी मी आणतो.

मूठ काकूच धरेल. तिला सांग, रविवारी जेवायला आहे.

तुझा,
बाळू