महापौर साहेब, कुत्र्याची शी कुठे टाकायची ते एकदा ठरवून द्या

मा. महापौर साहेब, इंदूर
स. न. वि. वि.

मी सुदामा नगरात राहते, घरी मोती नावाचा लॅब्रेडोर आहे आणि गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी सगळं वेगळं ठेवायची सवय आता आमच्या हाडात मुरलीये, 2017 पासून स्वच्छतेत नाव उगाच नाही झालं. पण कुत्र्याची शी कुठे टाकायची हे आमच्या गल्लीत कोणालाच ठाम सांगता येत नाही, कोणी पिशवीत बांधून ओल्यात टाकतं, कोणी सुक्यात, कोणी नालीच्या कडेला सोडून येतं.

मी दोन वर्षं ती भाजीच्या सालांबरोबर खताच्या माठात टाकली. काळं भुसभुशीत व्हायचं, मुठीत घेतलं की पावसातल्या मातीसारखा वास, मी ते मेथीच्या कुंड्यांत घालायचे आणि ती मेथी नातू खायचा. मोतीच्या डॉक्टरांना सहज बोलताना सांगितलं तर ते गप्पच झाले, मग त्यांनी समजावलं. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची, टॉक्सोकॅराची, अंडी ताज्या शीत असली तरी लगेच लागण करत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे राहिली की तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात, पोरांच्या पोटात गेली तर अळ्या लिव्हरपर्यंत, कधी डोळ्यापर्यंत जातात. मांजरीच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची लागण होते, ती गरोदर बायकांना वाईट. म्हणजे वास गेला की खत झालं हा माझा हिशोबच उलटा होता. नातू ठीक आहे, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

साहेब, ही अंडी मरतात ती उष्णतेने. अलास्कात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शीचं खत करतात, दोन भाग शी, एक भाग लाकडाचा भुसा, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि ढीग आतून काही दिवस 60 अंशांच्या वर तापायला हवा, थंड झाला की उलथून परत तापवायचा, मग कित्येक महिने मुरवायचा. एवढं करूनसुद्धा ते भाजीला घालत नाहीत. आमचा माठ एवढा तापतच नाही, ढीग निदान मीटरभर लांब, रुंद, उंच लागतो. गांडूळ खतात तर तापवायचा प्रश्नच नाही, गांडुळं मरतील. आणि एका मोतीच्या शीने एवढा ढीग होत नाही, म्हणून हे घराघरात जमणारं काम नाहीये, निगमानेच करावं लागेल. देवगुराडियाला रोज शेकडो टन ओला कचरा घेणारा प्लांट आपल्याच गावात आहे, त्यापुढे हा एक ढीग काय.

जिथे सकाळी लोक कुत्री फिरवतात अशा एका बागेत झाकणाचा डबा आणि शेजारी आरा मशीनच्या भुशाचं पोतं ठेवा, शी कागदात उचलायला सांगा कारण प्लास्टिकने ढीग नासतो. फावडं वेगळं, लांब दांडीचा थर्मामीटर, आणि माळीदादांना हातमोजे-गमबूट आधी द्या, ते सगळ्यात जवळ असतात. खत फक्त डिव्हायडरच्या झाडांना आणि फुलांना, भाजीच्या रोपांना चुकूनही नको. बाकी वॉर्डांत सध्या शी कुठल्या डब्यात टाकायची तेवढं कचरागाडीच्या स्पीकरवरून रोज सांगा.

मेथीच्या त्या कुंड्यांत मी आता जास्वंद लावलीये. आमच्या बाजूच्या बागेत ढीग सुरू केलात तर पहिले तीन महिने रोज सकाळी थर्मामीटर बघून फळ्यावर आकडा लिहायला मी येईन.

आपली,
सुदामा नगरची एक आजी