डकोटाचं दार कोणत्या बाजूला होतं, हे विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी बाबांचं दुरुस्त झालेलं लाकडी विमान घेऊन तुमच्याकडून निघताना माझा गळा इतका दाटून आला की साधं ‘थँक्यू’ही तोंडातून निघालं नाही. आठवडा होत आला, अजून तसंच होतंय. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. असा माणूस आपल्या नागपुरात राहतो, हे चार जणांना कळलंच पाहिजे.

बाबांचं ते डकोटा विमानाचं सागवानी मॉडेल बघणाऱ्याला हातभर लाकूड वाटेल. आमच्या घरात ती बाबांची नोकरी आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगाव विमानतळावर येऊ लागली. थैल्यांची अदलाबदल झाली की आल्या वाटेने परत. साठच्या दशकात बाबा तिथे रात्रपाळीला होते. निवृत्तीला सोबत्यांनी हे विमान दिलं.

घराला रंग देताना ते पडलं. बर्डीवरच्या एका दुकानात दुरुस्तीला नेलं, तर “आजोबा, खेळणंच आहे, नवं घ्या ना,” असं बाबांच्या तोंडावर ऐकवलं. आम्ही हट्टाने ठेवून आलो. परत मिळालं तेव्हा पंख उलटे चिकटवलेले, आणि शेपटीखालचं चाक काढून नाकाखाली लावलेलं. का, तर “सरळ उभं राहावं म्हणून.” बाबा काही बोलले नाहीत. पक्षाघातानंतर त्यांना शब्द उशिरा सापडतात, त्या दिवशी सापडलेच नाहीत.

मग ते तुमच्याकडे आणलं. तुम्ही ते हातात घेतलं आणि आधी शेपूट टेबलाला टेकवून नाक वर केलं. “डकोटा जमिनीवर असंच बसतं, आभाळाकडे बघत.” मग पंखावरून बोट फिरवत दाखवलंत की पुढची कड मागे झुकत जाते आणि मागची जवळजवळ सरळ राहते. चाकं मिटली तरी अर्धी इंजिनाखाली बाहेरच दिसतात, म्हणून पोटावर उतरायची वेळ आली तरी नुकसान कमी. मी जन्मभर हे विमान शोकेसमध्ये पाहिलं, पण पाहिलं त्या दिवशी. १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालेलं यंत्र, आणि त्यात एक रेष उगाच काढलेली नाही. ते गोल, गुबगुबीत नाक बघून आजही माया वाटते.

पण माझ्या मनात घर केलंय ते वेगळंच. मालाचं दार रंगाखाली बुजून गेलं होतं. वायुसेनेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते कुठे असतं हे काय माहीत नसणार? तरी तुम्ही ब्रश खाली ठेवला आणि बाबांना विचारलंत, “भाऊ, दार कोणत्या बाजूला होतं?”

आणि थांबलात. मी सांगायला तोंड उघडलं, तर हातानेच मला गप्प केलंत. किती वेळ गेला कोण जाणे, पंख्याचा तेवढा आवाज येत होता. मग बाबांचं थरथरतं बोट डाव्या अंगाला, शेपटीच्या जरा पुढे टेकलं. “इथं,” ते म्हणाले. आणि पुढे आपसूक, “थैली वर ढकला लागे ना बाप्पा, आत चढाव रायते.” नाक वर असल्यामुळे आतली जमीनच चढाची असते, हे मला तेव्हा समजलं. सहा महिन्यांत बाबा एका दमात एवढं बोलले नव्हते.

काका, पैसे घेणारे पुष्कळ भेटले, तज्ज्ञही भेटले. म्हाताऱ्या माणसाचं वाक्य पुरं होईस्तोवर थांबणारे तुम्हीच. तुम्ही तर पैसेही घेतले नाहीत.

विमान आता पुन्हा शोकेसवर आहे. मी ठेवलं तेव्हा दार भिंतीकडे गेलं होतं. बाबा उठले, भिंत धरत तिथवर गेले आणि त्यांनी ते स्वतः फिरवून ठेवलं.

तुमची,
टपालवाल्यांची मुलगी