शेवटच्या गाडीवरून

बेळगाव,
रविवार, रात्री

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी जो प्रश्न विचारला, त्याला मी हसून काहीतरी उत्तर दिले आणि विषय बदलला, हे आईच्या लक्षात आले असणार, कारण फोन ठेवताना तिने नेहमीप्रमाणे "जेवलास का?" असे न विचारता "सांभाळून राहा" एवढेच म्हटले. कातडी जाकीट घालून, टाकीवर कवट्या रंगवलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत हिंडताना आणि रात्रीच्या मुक्कामाला दारूखेरीज दुसरा कार्यक्रम नसलेल्या माणसांत बसताना माझा विश्वास नेमका कशाच्या आधाराने टिकतो, असे बाबांनी विचारले होते. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते, म्हणून हे पत्र.

आधी मी तेथे करतो काय, ते सांगतो. आमच्या ग्रुपच्या पंधरा-वीस गाड्या एका ओळीत निघतात. सर्वांत पुढच्याला लीड म्हणतात आणि सर्वांत मागच्याला स्वीप. स्वीपने कोणालाही ओलांडून पुढे जायचे नसते. ज्याची गाडी बंद पडेल, जो घाबरेल किंवा घसरेल, त्याच्याजवळ थांबायचे असते. आणि म्हणून पंक्चरचे सामान, क्लच केबल, स्पार्क प्लग व प्रथमोपचाराची पेटी त्याच्याच पिशवीत असते. गेली चार वर्षे ही जागा मी मागून घेतलेली आहे. पुढे राहण्याची हौस सर्वांनाच असते, मागच्या जागेसाठी भांडण होत नाही.

गेल्या पावसाळ्यात जांबोटी मागे टाकून आम्ही कणकुंबीच्या पुढे गेलो होतो आणि चोर्ल्याच्या धुक्यात समोरच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नव्हता, तेव्हा एका कॉलेजच्या मुलाची क्लच केबल तुटली. बाकीचे पुढे निघून गेले होते. नवी केबल ओवताना त्याचे हात थरथरत होते. मला वाटले, थंडीने असतील. मग तो सांगू लागला, की गाडी वडिलांची आहे, वडील सहा महिन्यांपूर्वी गेले आणि आई ती विकून टाक म्हणते. मी काही बोललो नाही. लिव्हरला किती ढील ठेवावी, ते बोटाने दाबून पाहत राहिलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "तुम्ही ते चर्चवाले ना? आमच्या बाबांसाठी काही म्हणाल का?" भर पावसात, चिखलाने भरलेल्या मडगार्डवर हात ठेवून मी दोन-तीन मिनिटे प्रार्थना केली. मुलगा वारकरी घरातला आहे, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळेबद्दल मी काही म्हटले नाही आणि माझ्या गळ्यातल्या क्रुसाबद्दल त्यानेही काही विचारले नाही. नंतर दोघांनी कणकुंबीला परत येऊन चहा घेतला.

हे काम मी पहिल्यांदा शोधून काढलेले नाही, हेही बाबांना सांगायचे आहे, कारण चर्चमधल्या काही वडीलजनांना ते माझ्या डोक्यातून निघालेले खूळ वाटते. लंडनमध्ये बिल शेरगोल्ड नावाचे एक पाळक होते आणि ते स्वतः मोटारसायकल चालवत. त्यांच्या चर्चमध्ये १९५९ साली तरुणांचा एक क्लब सुरू झाला होता. पुढे १९६२ मध्ये ते एस कॅफे या ठिकाणी गेले, जेथे जमणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोरांना सभ्य लोक गुंड म्हणून टाळत असत, आणि त्यांनी त्या पोरांना उपासनेचे आमंत्रण दिले. गाड्या चर्चच्या आत आणून त्यांवर आशीर्वाद मागितला गेला. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले हर्ब श्रीव हेही पाळकच होते. मुलगा दुरावत चालला म्हणून त्याच्याशी पुन्हा बोलणे सुरू व्हावे, यासाठी या बापाने मोटारसायकल घेतली, आणि दोघे मिळून मेळाव्यांना जाऊ लागल्यावर, या माणसांकडे कोणी फिरकतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९७५ मध्ये ख्रिस्ती मोटारसायकलवाल्यांची संघटना उभी राहिली. (बाबा, तुम्ही मात्र त्या बापासारखी मोटारसायकल घ्यायचे मनावर घेऊ नका; आधी गुडघ्याचे पाहू.) तिकडच्या टोळ्यांमध्ये पाठीवरच्या चिन्हावरून मारामाऱ्या होतात, आणि दुसऱ्याच्या इलाख्यात आपले चिन्ह घालून जाण्यापूर्वी ख्रिस्ती गटांनाही विचारून घ्यावे लागते. आपल्याकडे तसले काही नाही. येथे पोरे उद्यमबागेत लेथ चालवतात, कोणी बँकेत आहे, एकाची मेडिकलची दुकानदारी आहे. रविवार आला की जाकीट चढवून थोडा वेळ वेगळे व्हायचे, एवढीच त्यांची बंडखोरी.

दारूची भीती तुम्हांला वाटते. ती मला फारशी वाटली नाही. गोव्यात उतरलो की बाटल्या निघतात, माझ्या हातात कोकम सरबताचा पेला असतो, आणि पहिल्या वर्षी झालेली थट्टा आता कोणी करत नाही. उलट रात्री कोणाला खोलीपर्यंत पोहोचवायचे असेल, तर शुद्धीवरचा माणूस म्हणून मलाच हाक येते.

माझे पाऊल घसरले ते दुसरीकडेच, आणि ते मी आजवर तुम्हांला सांगितले नव्हते.

गेल्या वर्षीच्या आरंभी गोव्यातल्या एका मोठ्या मेळाव्यात, अपघातात गेलेल्या एका तरुणासाठी मला ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना करायला सांगितले. मी केली. लोक उभे राहिले, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले, कोणीतरी त्याचे चित्रीकरण केले, आणि तेव्हापासून कोल्हापूरपासून फोंड्यापर्यंतची पोरे मला पास्टर म्हणू लागली. मी पाळक नाही, फाउंड्रीतला सुपरवायझर आहे, हे सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगत असे. पुढे सांगणे बंद केले. दर रविवारी कोठे ना कोठे बोलावणे असे, आणि या राईडी पहाटे साडेपाचला निघत असल्यामुळे उपासना चुकू लागली. लागोपाठ सात रविवार चुकल्यावर तुमच्या सुनेने एका संध्याकाळी भाकरी थापताना, मान वर न करता सांगितले, की पाळकसाहेब विचारत होते, तुम्ही बाहेरगावी गेलात का. त्या रात्री मी माझे बायबल उघडले. आई, तू लोकरीने विणून दिलेली निळी खूण गुड फ्रायडेला ज्या पानावर ठेवली होती, त्याच पानावर होती, आणि बाहेर गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते. इतके महिने मी दुसऱ्यांसाठी प्रार्थना करत होतो, वचने सांगत होतो, ती सारी लहानपणच्या पाठांतराच्या शिल्लकीतून. स्वतःसाठी मी एक ओळही वाचली नव्हती.

बाबा, करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय तुम्ही मला शब्बाथ शाळेच्या परीक्षेसाठी पाठ करून घेतला होता. त्यातले बाविसावे वचन, पौल सर्वांसाठी सर्व काही झाला ते, माझ्या टाकीवर चिकटवलेले आहे. जाकीट घालणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे ते आवडते वचन असावे. त्याच्या पुढे पाचच वचनांवर, दुसऱ्यांना घोषणा केल्यावर आपण स्वतःच नापसंत ठरू नये म्हणून आपण आपल्या शरीराला दास करून ठेवतो, असे तोच पौल म्हणतो. ते वचन मला पाठ होते, पण त्याचे स्टिकर करावे, असे माझ्या मनात कधी आले नाही.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. रविवारी उपासना आटोपल्याखेरीज मी गाडीला किल्ली लावत नाही. ग्रुपने कुरकुर केली, मग महिन्यातून एक राईड शनिवारी ठेवली, आणि उरलेल्यांत स्वीप दुसरा असतो. आपल्या मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड आहेत. त्यांच्या ओसरीवर दर गुरुवारी संध्याकाळी मी जाऊन बसतो. आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसलेला हा माणूस, त्यामुळे माझी जागा त्यांना समजावून सांगावी लागली नाही. ते मला किती लोकांना भेटलास, किती जणांनी ऐकले, हे कधी विचारत नाहीत. "कोणाला सांगायचे नाही, असे या आठवड्यात काय वाचलेस?" एवढेच विचारतात. एखाद्या गुरुवारी मला उत्तर देता आले नाही, तर गार्डने हिरवा बावटा दाखवल्याशिवाय गाडी हलत नसते, असे म्हणतात, आणि त्या आठवड्यात मी राईडला जात नाही. हे दोनदा झाले आहे.

खंडेनवमीचेही तुम्ही विचारले होते. आदल्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या धुण्याच्या कामात मी असतो. पूजेच्या वेळी माझी गाडी बाजूला, बिनहाराची उभी असते. पहिल्या वर्षी भिडेपोटी मी झेंडूचा हार घालू दिला आणि घरी येताना रेल्वे फाटकापाशी हळूच काढून टाकला. ना धड नकार दिला, ना त्या पोरांच्या प्रेमाचा मान ठेवला, याचे मला अधिक वाईट वाटले. आता मी आधीच सांगतो. कोणी रागावत नाही. एकाची आई माझ्यासाठी पूजेपूर्वीच करंज्यांचा डबा वेगळा काढून ठेवते.

आणि १ नोव्हेंबर. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवासाठी एकीकडे लाल-पिवळे झेंडे लावून मोटारसायकली धावतात आणि दुसरीकडे आपली मराठी माणसे काळा दिन पाळतात. आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही घरांतली पोरे आहेत, म्हणून त्या दिवशी कोणीही ग्रुपचे जाकीट घालायचे नाही, असे ठरले आहे. गोकाककडचा एक मुलगा माझी मराठी प्रार्थना संपली की "कन्नडदल्ली हेळ्री" म्हणतो आणि माझे मोडके कन्नड ऐकून मोठ्याने आमेन म्हणतो.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या बेळगावच्याच सुवर्णसौधात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केले, तेव्हा बाबांनी मला काही दिवस घरी बस म्हणून सांगितले होते. तेव्हाही आणि आताही मी पत्रके वाटत नाही, कोणाच्या अडचणीच्या वेळी देण्याघेण्याची भाषा बोलत नाही, आणि विचारल्याशिवाय प्रार्थना करत नाही. भीती हे त्याचे कारण नाही. अक्कोळ, भोज, गळतगा येथे बाबा तंबाखूच्या वखारींपुढे सायकल टेकवून बसायचे, तेव्हा आधी लोकांची पत्रे वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे, आणि कोणी म्हटले तरच कॅरियरला बांधलेले हार्मोनियम सोडायचे, हे मी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून पाहिलेले आहे.

येत्या शनिवारी दुपारपर्यंत मी निपाणीला पोहोचेन. शेजारच्या काकांना सायलेन्सरच्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून कोपऱ्यावरच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणीन. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि बाबांसाठी कुंदा आणतो. कुंदा अर्धाच किलो आणीन, नाहीतर डॉक्टर मला बोलतील. आणखी एक काम आहे. हार्मोनियम कॅरियरला बांधायला बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची जी लांब पट्टी कापून ठेवली होती, ती माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत असावी. बाजारातल्या दोऱ्या घाटात ढिल्या पडतात आणि माझी अवजारांची पिशवी घसरते. ती पट्टी सापडली तर काढून ठेवा.

तुमचा,
धाकटा