सापशिडीच्या पटावर फेरीवाल्यांचा कायदा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हातगाड्यांवरच्या कारवाईची बातमी आली की 'पदपथ मोकळे करा' आणि 'गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका' या दोनच सुरांत वाद रंगतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा या दोघांचाही विचार करतो. पण गिऱ्हाईकाला तो ठाऊक नसतो आणि बहुतेक गाडीवाल्यांनाही नसतो. पत्रके वाटून तो फारसा पोहोचत नाही, खेळातून मात्र झटकन पोहोचतो. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली फेरीवाल्यांचे नियम चित्रांतून समजावणारे घडीचे पोस्टर निघाले. आपल्याकडे तर मोक्षपटापासून सापशिडी घरोघरी आहे. ती जमिनीवर अंथरून कशी खेळवावी, ते संघटनांच्या उपयोगी पडावे म्हणून कळवत आहोत.

शंभर घरांचा पट घेऊ नये. रस्त्यावरचा माणूस दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. दीड फुटाची ३६ घरे पुरतात आणि प्रत्येक घरात माणूस दोन्ही पाय ठेवून उभा राहू शकतो. फ्लेक्स ओल्या चपलेखाली निसरडा होतो, म्हणून तीन फूट पन्ह्याच्या मांजरपाटाचे नऊ-नऊ फुटांचे तीन पट्टे शिवून घ्यावेत आणि चारही कोपऱ्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. गादीवाल्याकडच्या फोमच्या तुकड्याचा सहा इंची फासा चांगला चालतो. शेवटच्या घरात जायला नेमकेच दान पडले पाहिजे, हा नियम काढून टाकावा. खेळ तिथेच रेंगाळतो आणि गर्दी पांगते.

प्रत्येक साप आणि प्रत्येक शिडी कायद्याच्या कलमावरच बेतलेली हवी. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना विक्रीची प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही (कलम ३), ही सर्वांत लांब शिडी. प्रमाणपत्रातल्या जागेवरून उठवायचे तर आधी ३० दिवसांची नोटीस लागते (कलम १८), ही दुसरी. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश महिला, ही तिसरी. सापांमध्ये विक्रेत्यांच्या चुकाही हव्यातच. प्रमाणपत्र भाड्याने देणे आणि खरकटे गटारात ओतणे हे साप पटावर नसतील, तर पादचारी खेळावर विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा?

सगळ्यात रंगते ते जप्तीचे घर. तिथे पाय पडला की सूत्रधाराने पंचनाम्याच्या सुरात वाचावे, 'कढई एक, झारा एक, शेगडी एक, पाणीपुरीचा माठ एक...' आणि विचारावे, 'सहीची यादी हातात मिळाली का?' गर्दी ओरडते, 'नाही!' मग खेळाडू सापाच्या तोंडी जातो. कलम १९ प्रमाणे जप्त मालाची सही केलेली यादी विक्रेत्याला द्यावीच लागते. त्याने दावा केल्यावर ठरलेले शुल्क घेऊन नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा असतो, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत. खाद्यविक्रेत्याचा जीव या फरकात अडकलेला असतो. शेगडी दोन दिवसांनी मिळाली तरी चालते, पण भिजवलेले वाटाणे आणि उकडलेले बटाटे रात्रीत आंबतात. यादीच नसेल तर दावा तरी कशाच्या जोरावर करणार? हे सांगायला भाषण लागत नाही. चिठ्ठी काढून वडापाववाल्याची भूमिका मिळालेला कॉलेजचा मुलगा ३१ व्या घरावरून चौथ्यावर घसरला की त्याला ते आपोआप उमगते.

फसते ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे विनोदाचा रोख चुकतो. अतिक्रमण विभागातल्या एखाद्या माणसाची नक्कल केली की दुसऱ्या दिवशी बोलणी बंद होतात, आणि फाटक्या सदऱ्याचा केविलवाणा फेरीवाला रंगवला की खुद्द विक्रेतेच दुखावतात. हसू यावे ते न मिळालेल्या कागदावर. दुसरे, जागा. पदपथ अडवून खेळ मांडला तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते. चाळीचे पटांगण, मंडळाचा मंडप किंवा कॉलेजचे आवार परवानगी घेऊन वापरावे, ध्वनिक्षेपक टाळावा आणि दुपारी साडेतीन ते पाच ही वेळ धरावी. त्यानंतर कढईत तेल तापायला लागते आणि गाडीवाले थांबू शकत नाहीत.

३६ व्या घरात बक्षीस नको, छापील अर्ज ठेवावा. वॉर्डातले सर्वेक्षण कधी झाले, समितीचे सदस्य कोण आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त कुठे मिळेल, एवढेच तीन प्रश्न त्यात असावेत. गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघांनी तिथल्या तिथे सही करावी. अर्ज महापालिकेत दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढच्या पाठपुराव्यात पहिल्यांदा तोच क्रमांक विचारला जातो.

आपले,
खाद्यविक्रेत्यांच्या हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते, पुणे