दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे विमा आहे का?

महोदय,

दिवाळीआधी आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या टाइल्स फोडताना मिस्त्रीचा हातोडा भिंतीतल्या पाइपावर बसला. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे कामावरच्या कोणालाच ठाऊक नव्हते. अर्ध्या तासात आमच्या बेडरूमचे फॉल्स सीलिंग फुगून खाली आले, आईची गादी ओलीचिंब झाली. ठेकेदार ‘बघतो’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेना. भुर्दंड शेवटी वरच्या काकूंनी आणि आम्ही मिळून सोसला. दोन्ही घरांचे बोलणे मात्र अजून तुटक आहे.

धरमपेठ असो की मनीषनगर, जुन्या फ्लॅटांत सगळीकडे तोडफोड सुरू आहे. आपण स्क्वेअर फुटाच्या भावासाठी तासभर घासाघीस करतो, विम्याचे मात्र विचारत नाही. ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीत कामाच्या नुकसानीसोबत शेजाऱ्यांसारख्या तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचेही संरक्षण घेता येते. मजुरांसाठीची पॉलिसी वेगळी. पूर्वी 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने आणि आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने कामावर जखमी झालेल्या मजुराच्या भरपाईची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्यावर टाकली आहे. पण शिडीवरून पडून कंबर मोडलेल्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे बघायला कोण जातो?

गृहनिर्माण संस्थांनी दुरुस्तीला परवानगी देतानाच पॉलिसीची प्रत मागावी. कामाचा पत्ता, मुदत आणि तिसऱ्या पक्षासाठीची रक्कम तपासावी. आमच्या इमारतीच्या पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे.

– एक गृहिणी, त्रिमूर्तीनगर, नागपूर