साचा थांबला की

नागोया,
२४ नोव्हेंबर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोन आठवड्यातून दोनदा होतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. ताईला इस्पितळात वॉर्डची इन्चार्ज केलं, त्याबद्दल तिला जे सांगायचंय ते फोनवर दहा मिनिटांत मावत नाही, हे एक. दुसरं, बाबा, तुमच्यासाठी आहे. गेल्या वर्षी मला कारखान्यातल्या लाइनवर हान्चो केलं, म्हणजे सहा माणसांच्या तुकडीचा प्रमुख. ते ऐकून तुम्ही फोनवर थोडा वेळ गप्प राहिलात आणि एवढंच म्हणालात, "माणसांवर ओरडू नकोस." मी हो म्हणालो. आणि पुढच्याच महिन्यात ओरडलो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ताईने हे पत्र मोठ्याने वाचावं, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढल्याचं आईकडून कळलंय.

गेल्या रविवारी इथल्या टोयोटाच्या संग्रहालयात गेलो होतो. नागोया स्टेशनच्या पुढच्याच स्टेशनाजवळ लाल विटांची जुनी गिरणी आहे, तिचंच १९९४ साली संग्रहालय केलं. मोटारींच्या आधी टोयोटाचं घराणं साच्यांचं, म्हणजे यंत्रमागांचं, हे तुम्हाला मी बोललो होतो का? साकिची टोयोडा हा १८६७ सालचा, एका सुताराचा मुलगा. गावातल्या बायका हातमागावर कशा झिजतात ते लहानपणापासून पाहिलेला. त्याने १९२४ साली जो साचा पुरा केला, तो तिथे अजून चालवून दाखवतात. धोट्यातला बाणा, म्हणजे आडवा धागा, संपत आला की चालत्या साच्यावरच धोटा बदलतो. साचा थांबवायचा नाही, कांडी हाताने घालायची नाही. आणि ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला की साचा आपणहून जागच्या जागी उभा. दाखवणाऱ्या बाईंनी कात्रीने एक धागा कापला आणि खाड्कन सगळं शांत. मी तिथे बराच वेळ उभा होतो. आजोबांच्या काळी तुटलेल्या धाग्यावर साचा चालत राहायचा, कापड बिघडायचं, ते बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे, हे तुम्ही सांगितलेलं मला तिथे आठवलं. धागा तुटल्याची शिक्षा साच्याला नाही, माणसाला.

ज्या लँकेशायरच्या यंत्रांवर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्याच लँकेशायरच्या ओल्डहॅममधल्या प्लॅट ब्रदर्सनी १९२९ साली या साच्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला होता. दोनऐवजी तीन साचे सांभाळा, हे त्या संपाचं एक कारण. हे जपानी साचे एक माणूस तीसेक बघायचा. तुम्ही लगेच विचाराल की मग बाकीची माणसं गेली कुठे. मीही तिथे तेच मनात विचारलं. त्याचं उत्तर त्या संग्रहालयात मला कुठे दिसलं नाही.

पण धागा तुटला की थांबायचं, ही गोष्ट मोटारीच्या कारखान्यात आली आणि तिथे तिचा दोर झाला. हे आणलं त्यात ताइची ओनो यांचा मोठा हात. तेही १९३२ साली टोयोडाच्या गिरणीतच कामाला लागले होते, मोटारीत आले ते १९४३ मध्ये. आमच्या कंपनीचं नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आहे. पण पद्धत तीच. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर दोर असतो. काही खटकलं, बोल्ट नीट बसला नाही, भाग वाकडा वाटला, की ओढायचा. दिवा लागतो, सूर वाजतो आणि हान्चोने धावत जायचं. ठरलेल्या खुणेपर्यंत दोघांनी मिळून निस्तरलं तर लाइन चालू राहते, नाही तर थांबते. दोर ओढणाऱ्याला कुणी बोलायचं नाही हा नियम. भिंतीवर लिहिलेलाच आहे.

मला तो नियम पाठ होता. पहिल्या महिन्यात दर पाळीला वीस-बावीस वेळा दोर ओढला जायचा. मी धावत जायचो आणि तोंडातून पहिला शब्द निघायचा, "कोणी केलं?" दोनदा आवाज चढला. एकदा आमच्यातल्या सर्वांत जुन्या बाईंवर चढला. त्या ब्राझीलहून आलेल्या आहेत. या आइची प्रांतात ब्राझीलहून आलेले कामगार खूप आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, मान खाली घालून परत कामाला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात दोर पाळीला तीन-चारदाच ओढला जाऊ लागला. माझी छाती फुगली. माझी तुकडी सुधारली, असं मी त्या आठवड्याच्या अहवालात लिहिलं. आमचे विभागप्रमुख तो कागद वाचून म्हणाले, "अडचणी गेल्या असं तुम्हाला वाटतं, की तुम्हाला कळायच्या थांबल्या?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्यानंतर दहा दिवसांनी पुढच्या तपासणीत आमचे १४० भाग परत आले. क्लिप सैल. आणि त्या बाईंना ते दोन दिवसांपासून माहीत होतं. मी विचारलं, दोर का नाही ओढलात? त्या म्हणाल्या, "हात वर नेला होता. मग तुम्ही धावत येताना कसे दिसता ते आठवलं."

बाबा, त्या रात्री मला तुमच्या गिरणीतल्या खात्यातले ते हेड जॉबर, म्हणजे मुख्य मुकादम, आठवले, ज्यांना सगळं साचेखातं काका म्हणायचं. तुम्ही बदली कामगार म्हणून लागलात तेव्हाची गोष्ट. गिरणीच्या दाराशी दस्तुरी, म्हणजे लाच, घेतल्याशिवाय आत न सोडणारा दुसरा जॉबर होता, आणि हे काका होते. कापड बिघडलं की दुसरा वही काढायचा आणि काका तेलाची पळी घेऊन साच्याखाली शिरायचे. आधी साचा चालू करून द्यायचे, मग विडी पेटवून विचारायचे, "हां, आता सांग, कसं झालं?" तुम्ही ही गोष्ट गणपतीत जागरणाला सांगायचात आणि आम्ही मुलं पेंगत ऐकायचो. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा खात्यातल्या प्रत्येकाच्या खोलीवर जाऊन कुणाच्या घरी चूल पेटतेय ते बघणारेही काकाच. मी व्यवस्थापनाचे दोन कोर्स केले, त्यांची प्रमाणपत्रं खोलीत भिंतीवर आहेत. जे मला त्या दिवशी हवं होतं ते मात्र चिंचपोकळीच्या चाळीच्या गॅलरीत मी आधीच ऐकलेलं होतं आणि परदेशातल्या हुद्द्याला त्याचा काय उपयोग असं मानून बाजूला ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि मला त्यात उभं केलं. ही ओनो यांचीच जुनी रीत. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पहिला तास मला शिक्षा वाटली. दुसऱ्या तासाला दिसायला लागलं. त्या बाई डावखुऱ्या आहेत आणि क्लिपांचा खोका उजवीकडे. दर भागाला त्या अंग वळवत होत्या. क्लिप दाबायची ती अंगठ्याने, आणि दुपारनंतर अंगठा दुखायला लागल्यावर दाब कमी पडत होता. चार महिने मी त्यांच्यापासून आठ पावलांवर होतो आणि त्या डावखुऱ्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. खोका डावीकडे घेतला, दाबायला एक लहान लाकडी ठोकळा करून दिला. तो ठोकळा कसा हवा ते त्यांनीच कागदावर काढून दाखवलं.

मग मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. हे लिहायला एक ओळ लागली, करायला तीन दिवस लागले. आणि ठरवलं की दोर ओढला गेला की पहिला शब्द "अरिगातो", म्हणजे आभार. सुरुवातीला माणसं माझ्याकडे संशयाने बघायची. दीडेक महिन्याने आकडा परत चढू लागला, नऊ, तेरा, अठरा. अठरा झाले त्या संध्याकाळी मी घरी येऊन गोडाचा शिरा केला.

ताई, आता तुझ्यासाठी. तू म्हणालीस की तुझ्या वॉर्डात आधीच्या इन्चार्जच्या वेळी सगळं सुरळीत होतं, तुला ते तसंच ठेवायचंय. तक्रारवहीत काही नाही म्हणून सुरळीत, असं असेल तर जरा थांब. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या प्राध्यापक आहेत. १९९०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या इस्पितळांत औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डात सिस्टर लोकांचं एकमेकींशी आणि इन्चार्जशी चांगलं जमतं तिथे चुका कमी निघतील असं वाटलं होतं, निघाल्या जास्त. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अशा वॉर्डात चुका बोलून दाखवल्या जात होत्या, आणि जिथे इन्चार्जची दहशत होती तिथे त्या दडपल्या जात होत्या. माझ्या तीन-चार दोरांसारखंच.

म्हणून पाळी बदलताना ओव्हर देता-घेताना तू आधी ऐक. रात्रपाळीच्या मुलीने "सिस्टर, माझ्याकडून एक गोष्ट राहिली" म्हटलं, तर पेशंट कसा आहे ते आधी विचार, राहिलं कसं ते नंतर, आणि "कोणाकडून" हे तिने स्वतःच सांगितलेलं आहे, ते परत विचारू नकोस. ती नवीन मुलगी तुझा चेहरा बघून ठरवणार आहे की पुढच्या वेळी सांगायचं की नाही. आणि तिने सांगितलेली अडचण चार दिवस तशीच पडून राहिली, तर गोड बोलण्याचाही उपयोग नाही. आमच्याकडे एक फळा आहे: काय अडलं, कोण बघणार, कधीपर्यंत. तुला औषधांच्या ट्रॉलीशेजारी तसा एक लावता येईल. मेट्रनकडून किंवा वरून मंजुरी यायला वेळ लागणार असेल तर तेही फळ्यावर लिही, म्हणजे विसरलीस असं कुणाला वाटणार नाही.

आणखी एक, यात मी अजून कच्चा आहे. तुला काम येतं, तुझा हात चालतो, म्हणून सलाइन लागत नाही म्हटलं की तू स्वतः जाऊन लावणार. मीही तसंच करायचो. कुणी हाक मारली की त्याच्या हातातलं काढून घ्यायचो आणि पाच सेकंदांत करून दाखवायचो. काम व्हायचं, पण तो माणूस होता तिथेच राहायचा आणि मी संध्याकाळी थकून पडायचो. आता मी शेजारी उभा राहून विचारतो, "तुला काय वाटतं, काय करून बघू या?" वॉर्डात पेशंटच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा अर्थात तूच हात घाल. एरवी हात मागे बांधून उभी राहा. तुला ते जड जाईल, लहानपणी माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा तूच घालायचीस.

इथलं सगळंच घेण्यासारखं नाही बरं. साहेब उठल्याशिवाय घरी जायचं नाही, ही इथली जुनी खोड. अतिकामाने मरण येतं त्याला इथे करोशी असा शब्दच आहे, आणि जादा तासांवर कायद्याने मर्यादा घालायला २०१८ साल उजाडावं लागलं. म्हणून मी सहा वाजले की पिशवी उचलतो आणि सगळ्यांना दिसेल असा निघतो, म्हणजे त्यांनाही निघता येतं. सुरुवातीला दोन वरिष्ठांनी भुवया उंचावल्या, आता त्यांना सवय झालीय. तूही पाळी संपली की नीघ. तू थांबलीस की बाकीच्या जणी थांबतात.

आई, तब्येत ठीक आहे. थंडी पडायला लागलीय, झाडं लालभडक झालीत. पाठवलेलं मेतकूट संपत आलं, पुढच्या वेळी जरा जास्त पाठव, आमच्या त्या ब्राझीलच्या बाईंनाही भातावर आवडलं. गुडघ्याचं तेल लावतेस ना? मी येईन तो गणपतीला, रजेचं बोलून ठेवलंय.

बाबा, संग्रहालयातल्या त्या साच्याचा आवाज मी फोनवर रेकॉर्ड करून ताईला पाठवलाय. तिला मोठ्याने लावायला सांगा. धोट्याचा ठोका तुमच्या साच्यासारखाच येतो की हलका, ते मला कळवा. आणि काकांचं एक विचारायचं राहिलं. साच्याखालून बाहेर आल्यावर ते विडी पेटवायचे ती स्वतःसाठी, की आधी तुम्हाला द्यायचे?

तुमचा,
बाळ्या